डब्याखालचा नकाशा

बांधकाम परवानगीच्या कार्यालयात अर्ज घेण्याच्या खिडकीवर मी बसते. लोक आशेने येतात आणि माझ्या नावाने खडे फोडत परत जातात. परवानगी देणं माझ्या हातात नाही, पण शिव्या मीच खाते, कारण त्यांना तोंड फक्त माझंच दिसतं.

त्या पाववाल्याने मात्र कधी आवाज चढवला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. पाय गेल्यापासून त्याची आई वरच्या मजल्यावर अडकली होती. जिना इतका अरुंद की एकदा खुर्चीसकट उतरवताना ती हातून निसटणारच होती. तेव्हापासून तिने खाली यायचं नावच टाकलं. भट्टीमागच्या मोकळ्या जागेत तिच्यापुरती एक खोली बांधू द्या, एवढंच त्याचं मागणं होतं.

अर्ज आधी गटारसाहेबांकडे जाई. नाव मीच ठेवलेलं. ते जागेवर जाऊन मोजमाप करत आणि शेरा मारत, ‘खालून सांडपाण्याची वाहिनी जाते, भिंत डावीकडे सरकवा.’ भिंत सरकली की फाईल आगसाहेबांकडे. तेही जाऊन मोजत आणि लिहीत, ‘डावीकडची वाट अरुंद झाली. आग लागली तर माणसं निघणार कुठून? भिंत उजवीकडे सरकवा.’ नकाशा बदलला की नियमाप्रमाणे कोरी फाईल, जुने शेरे मागेच, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. चूक कोणाचीच नाही, आणि म्हातारी आपली वरच.

आता गंमत ऐका. गटारसाहेबांची बायको ही आगसाहेबांची सख्खी बहीण. दोघे दुपारी एकाच टेबलावर जेवायचे, एकमेकांच्या डब्यात हात घालायचे. पण कामाचा विषय निघत नसे. पूर्वी एका फाईलवरून भांडून त्यांनी घरी बोलणं टाकलं होतं, तेव्हा तिने दोघांना बजावलं होतं, की कचेरी कचेरीत आणि घर घरात. ते त्यांनी इतकं मनावर घेतलं की फाईल या टेबलावरून त्या टेबलावर जायची ती शिपायाच्या हातूनच.

एक दिवस पाववाला म्हणाला, “बाई, अर्ज मागे घेतो.”

“का हो?”

“आई म्हणते, नको आता खोली. काय ते एकदाच खाली न्या, चौघांच्या खांद्यावर.”

माझं डोकंच सणकलं. त्याला म्हटलं, “अर्ज राहू दे इथंच. उद्या या.”

दुपारी दोघांच्या डब्याखाली रोज जुनं वर्तमानपत्र अंथरलेलं असतं. त्या दिवशी मी त्या खोलीच्या नकाशाची प्रत अंथरली, भिंतीच्या सगळ्या खाडाखोडींसकट. आगसाहेबांनी डबा उचलला आणि त्यांचा घास हातातच राहिला.

“दाजी, ही भिंत डावीकडे कोणी घ्यायला लावली?”

“मी. आणि ती परत उजवीकडे कोण ढकलतो?”

“मीच.”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “जेवा सावकाश. म्हातारीला कुठं घाई आहे.”

जेवण तसंच राहिलं. भाजीचे डाग पडलेल्या त्या कागदावर त्यांनी खोली थोडी अरुंद केली आणि मागे लांबवली. वाहिनीही सुटली, वाटही राहिली. आमच्या मोठ्या बाईंना हे कळलं तेव्हा वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. त्यांनी उलट एक मोठं टेबल मागवलं. आता प्रत्येक नकाशा सगळे मिळून बघतात आणि अर्जदारालाही तिथंच खुर्ची मिळते. भांडणं होतात, पण तिथल्या तिथं मिटतात.

खोली झाली तेव्हा शेवटची तपासणी करायला दोघे बरोबरच गेले. मीही शेपटासारखी मागे गेले. म्हातारी खोलीच्या दारात उन्हाला बसली होती. गटारसाहेब वाहिनीच्या झाकणाशी वाकले तशी ती हसली.

“हे टक्कल माझ्या ओळखीचं आहे.”

ते वाकलेलेच राहिले.

“वरून नुसती डोकीच दिसायची ना. तुम्ही येऊन मोजायचात, हे दुसरे पण यायचे. मी खिडकीतून हात करायचे. म्हटलं, एकदा तरी वर बघतील.”

गटारसाहेबांनी टेप खाली ठेवली आणि तिच्यासमोर जमिनीवरच बसले. आगसाहेब मान वर करून त्या रिकाम्या खिडकीकडे बघत राहिले.