सुतळीने शिवलेले चौदा अंक

मित्रांनो, मी एक जुना गठ्ठा आहे. मला पुस्तक म्हणा, असा माझा आग्रह नाही. पुस्तकाला पुठ्ठा असतो, त्यावर सोनेरी नाव असते. माझ्या पाठीवर नुसते सुतळीचे टाके आहेत, तेही पोती शिवायच्या दाभणाने घातलेले. चित्रकथांच्या एका मासिकाचे चौदा अंक एकत्र शिवले आणि मी तयार झालो. आज मी कोळवण खोऱ्यातल्या एका घरात सुखाने राहतो. पण एकदा मी टोपली होता होता वाचलो. होय, टोपली! ती कशी, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझे अंक मुंबईतल्या एका छापखान्यात छापले गेले. साल होते एकोणीसशे पंचावन्न. लाल, निळी, पिवळी आणि काळी, एवढ्या चार शायांतून माझ्या पानांवर अख्खे जंगल उभे राहिले. कधी कधी निळी शाई जरा सरकायची. मग हत्तीच्या शेजारी दुसरा एक पुसटसा हत्ती उभा दिसायचा.

हत्तीचे नाव ढोल्या. पुरात त्याची आणि आईची ताटातूट झाली होती. डोक्यावर चिमी नावाची खार बसवून तो आईला शोधत रानोमाळ हिंडत होता. दर महिन्याला गोष्ट थोडी पुढे जायची आणि खाली लिहिलेले असायचे, ‘पुढील अंकी वाचा.’ ते तीन शब्द वाचले की मुलांचा जीव नुसता वरखाली व्हायचा.

गिरगावातल्या तीन घरांत माझे अंक वाटले गेले होते. त्या घरांतली मुले एकमेकांकडून अंक वाचायला नेत आणि परत करायला विसरत. त्यामुळे चैत्रातला अंक एका घरी, वैशाखातला दुसऱ्या घरी, असा कारभार होता. पुढे मुले मोठी झाली. त्यांच्या हाती जाड पुस्तके आली आणि मी खाटेखाली गेलो.

या तिन्ही घरांतून रोज सकाळी जेवणाचे डबे नेणारा एक माणूस होता, कोंडिबा. तो मूळचा कोळवणकडचा. मुंबईत डबे पोहोचवायचा आणि वर्षातून एकदा जत्रेला गावी यायचा. एके दिवशी एका दाराशी त्याला रद्दीचा ढीग दिसला.

“बाई, ह्ये टाकायचं हाय का?” त्याने विचारले. “आमच्या रत्नीला चित्रं लई आवडत्यात.”

“न्या की,” बाई म्हणाल्या. “तेवढीच माझी खाट मोकळी होईल.”

मग त्याने उरलेल्या दोन घरांतही विचारले. असे माझे चौदा अंक त्याच्याकडे जमले.

मित्रांनो, आता एक चूक झाली. पण त्या चुकीला हसण्याआधी ती नीट समजून घ्या. कोंडिबाला अक्षर येत नव्हते. डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेली खूण पाहून तो डबा कोणाचा ते ओळखायचा. लाल फुली एका घरची, हिरवा गोल दुसऱ्या घरचा, पिवळी रेघ तिसऱ्याची. एका घरचा डबा दुसऱ्याच्या हाती गेला, तर त्याच्या कामाला बट्टा लागे. म्हणून त्याने माझ्या प्रत्येक अंकाच्या वरच्या कोपऱ्यात, ज्या घरून तो आला त्या घरची खूण रंगवली. नेमका त्याच कोपऱ्यात अंकाचा क्रमांक छापलेला होता! तो रंगाखाली गेला. मग त्याने लाल फुलीचे सगळे अंक पुढे, हिरव्या गोलाचे मध्ये आणि पिवळ्या रेघेचे मागे ठेवून मला दाभणाने घट्ट शिवले. त्याच्या दृष्टीने काम अगदी चोख झाले होते. गोष्टीचे मात्र तीन तेरा वाजले होते.

गावी घरात तिघी होत्या. कोंडिबाची आई तुळजाबाई, बायको गोजराबाई आणि लेक रत्ना. रत्ना तेव्हा दुसरीत होती. ती पडवीत बसून बोटाने एकेक शब्द दाखवत मला मोठ्याने वाचू लागली. शेजारच्या सारजाबाईही येऊन बसल्या. पहिल्या अंकात ढोल्या चांगला थोराड हत्ती होता. पान उलटले आणि दुसऱ्या अंकात तो एवढेसे पिल्लू झाला.

“आगं, आता तर केवढा थोरला व्हता!” तुळजाबाई म्हणाली. “लगीच लेकरू कसा झाला?”

“आजे, ह्यो दुसरा ढोल्या असंल,” रत्ना म्हणाली.

“दुसरा न्हाई का तिसरा न्हाई,” सारजाबाई म्हणाल्या. “मुंबईचं हत्ती आसंच असत्यात. आपल्याकडं म्हातारपण येतंय, तिकडं जातंय!”

सगळ्या पोट धरून हसल्या. अशी ती उलटीसुलटी गोष्ट त्यांनी कितीतरी वेळा ऐकली आणि दर वेळी नव्याने हसल्या. मला कोणी ओल्या हाताने शिवत नसे. चुकून पाय लागला तर लगेच नमस्कार करत. ते माझे भाग्याचे दिवस होते.

गोजराबाई मात्र हसता हसता रत्नाच्या बोटाकडे बघत असे. बोट कुठे थांबते आणि तेव्हा तोंडातून काय निघते, ते ती मनात साठवायची. ‘ढोल्या’ हा शब्द माझ्या प्रत्येक पानावर होता, म्हणून तिला तोच आधी ओळखू आला. मागे पडलेल्या मुलाला शाळेत ‘ढ’ म्हणून चिडवतात ना? गोजराबाईचे शिक्षण त्या ‘ढ’पासूनच सुरू झाले, आणि ते बघता बघता पुढे गेले. पण ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नाही.

दोनेक वर्षांनी रत्ना चौथी पास झाली आणि पुढच्या शाळेसाठी पौडला मामाकडे राहायला गेली. घरात वाचणारे कोणी उरले नाही, असे सगळ्यांना वाटले. मी माळ्यावर गेलो. कांद्यांच्या शेजारी पडून राहिलो. एका उंदराने माझा कोपरा चाखून पाहिला. सासू बाहेर गेली की दुपारी गोजराबाई मला हळूच खाली काढायची, दोन पाने वाचायची आणि पुन्हा वर ठेवायची. अख्ख्या घरात तिला वाचता येईल असे दुसरे काही नव्हते.

आता टोपलीकडे येऊ. तुमच्यापैकी काहींनी घरी कागदाच्या टोपल्या पाहिल्या असतील. जुने कागद पाण्यात भिजवतात, मेथी घालून उखळात कुटतात आणि तो लगदा उपड्या भांड्यावर थापून वाळवतात. अशा टोपल्या करण्यात तुळजाबाईचा हात धरणारे त्या खोऱ्यात कोणी नव्हते. पण गावात कागद कुठून येणार? रत्ना गेल्यावर दोनेक वर्षांनी, एकदा भात झोडून झाले, ऊन चांगले पडले, मेथी भिजली आणि तुळजाबाईची नजर माळ्यावर गेली.

तिने मला अंगणात आणले. विळ्याने सुतळी कापली. माझे चौदा अंक सुटे झाले. त्यांतले तीन तिने घंगाळातल्या पाण्यात टाकलेसुद्धा! पाणी माझ्या पानापानांत शिरू लागले. मित्रांनो, मला पोहता येत नाही.

तेवढ्यात गोजराबाई वैरणीचा भारा घेऊन आली. समोरचे दृश्य पाहून तिने भारा तिथेच टाकला.

“आत्याबाई, थांबा! रत्नी काय म्हनंल?”

“रत्नी काय म्हनती? ती आता मोठी पुस्तकं वाचती. ह्ये कोन बघतंय?” तुळजाबाई म्हणाली. “दोन टोपल्या हुतील झ्याक. एक रत्नीच्याच मामीला धाडू.”

‘मी बघते, मी वाचते,’ हे गोजराबाईला म्हणता येईना. तिच्या डोळ्यांदेखत तुळजाबाईने चौथा अंक उचलला. मी डोळे मिटून घेतले असते, पण चित्रांतले सगळे धरून मला शेकडो डोळे आहेत. सगळे कसे मिटणार?

आणि तुळजाबाईचा हात थांबला. तिने हातातला अंक पाहिला. मग खाली पडलेला दुसरा पाहिला.

“गोजरे, हितं ये. ह्ये बघ. हितं ह्याचं सुळं बोटाएवढं हायेत. आन ह्या कागदावर बघ, पार कोपरापातुर!”

“मंग?”

“मंग काय? बैलाचं वय दातावरनं कळतंय, म्हशीचं शिंगावरनं. हत्तीचं सुळ्यावरनं कळायचं न्हाई व्हय?”

अक्षर न येणाऱ्या त्या बाईने अंगणात माझे अंक सुळ्यांच्या लांबीप्रमाणे ओळीने मांडले. वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एक खडा ठेवला. घंगाळातले तीन बाहेर काढून तेही जागच्या जागी ठेवले. इतकी वर्षे जे कोणाला सुचले नव्हते, ते तिने नुसती चित्रे पाहून केले. चित्रे वाचता येतात, मुलांनो. तेही वाचनच आहे.

“आता ह्ये समदं नीट लागलं,” कमरेवर हात ठेवून तुळजाबाई म्हणाली. “पर लिवलंय काय, ह्ये कोन सांगनार? रत्नी तर पौडला.”

तेव्हा गोजराबाई पहिल्या अंकाजवळ खाली बसली. तिने अक्षरांवर बोट ठेवले आणि वाचू लागली. “ढो… ढोल्या पाण्यात पडला. त्याची आई… किनाऱ्यावरून… धावत होती.”

तुळजाबाई बघतच राहिली.

“कवापासनं?”

“चार वरसं झाली.”

“आन मला सांगितलं न्हाईस? मी काय खाल्लं असतं तुला?”

“तुमी हसला असता.”

“हसले असतेच की! हसले असते आन मंग ऐकाय बसले असते. चार वरसं फुकट घालवलीस माझी. वाच फुडं!”

गोजराबाई वाचत गेली. सारजाबाई आल्या, त्याही बसल्या. मेथी भिजून भिजून फुगली. गुरे घरी परतली तरी कोणी उठले नाही. पहिल्यांदाच ढोल्या नीट लहानाचा मोठा झाला. चौदाव्या अंकाच्या शेवटच्या चित्रात तो एका नदीकाठी पोहोचला. पलीकडच्या काठावर एक हत्तीण उभी होती. तिने सोंड वर केली. खाली लिहिले होते, ‘ती ढोल्याची आई होती का? वाचा पुढील, शेवटच्या अंकी.’

“मंग? व्हती का?” तुळजाबाईने विचारले.

“फुडचा अंक न्हाई आत्याबाई.”

“न्हाई म्हंजी?” तुळजाबाईने घंगाळात हात घालून तळ चाचपला. पाण्याखेरीज काही लागले नाही. ती बराच वेळ त्या हत्तिणीकडे बघत राहिली. मग उठली, घंगाळातले पाणी तिने परसातल्या आळूला ओतले आणि म्हणाली, “शेवट घावल्याबिगर ह्याला पानी लावायचं न्हाई. कुनीबी.”

असा मी वाचलो. माझ्यात काय आहे यामुळे नाही, तर काय नाही यामुळे!

चैत्रात कोंडिबा जत्रेला आला तेव्हा त्याला सगळी हकीकत कळली. तो बिचारा ओशाळला. “एवढ्या वरसांत माझा एक डबा चुकला न्हाई,” तो म्हणाला, “आन हत्ती चुकला!” त्याने मला योग्य क्रमाने पुन्हा शिवले. आता लाल, हिरव्या, पिवळ्या खुणा माझ्या अंगावर एकमेकींत मिसळल्या आहेत. जे तीन अंक भिजले त्यांची निळी शाई पिवळ्यात उतरली आणि तिथले जंगल जास्तच हिरवे झाले. मुंबईला परतल्यावर त्याने तिन्ही घरांत शेवटच्या अंकाची चौकशी केली. एका घरी तो अंक होता. खरोखर होता. पण तो मागच्याच दिवाळीत, घर झाडताना, रद्दीत गेला होता.

आता मी माळ्यावर नसतो, पडवीतल्या कोनाड्यात असतो. गोजराबाई दुपारी आयाबायांना वाचून दाखवते आणि शेवटी प्रत्येकजणी आपापला शेवट सांगते. तुळजाबाई अजून टोपल्या करते, पण तिला वेळ फार लागतो. कारण हाती येईल तो कागद ती उलटसुलट करून त्यात हत्ती शोधते आणि मगच भिजवते.

मित्रांनो, तुमच्याही खाटेखाली, माळ्यावर, ट्रंकेत माझे कोणी भाईबंद पडलेले असतील. चित्रांचे अंक म्हणजे पोरखेळ, असे म्हणून मोठी माणसे ते टाकून देतील. टाकू देण्याआधी तुम्ही एकदा उघडून बघा. एखाद्या अंकात नदी असेल, दोन्ही काठांवर दोन हत्ती असतील आणि एकाच्या डोक्यावर खार असेल. तो अंक एकटा पडला असेल, तर आपण कशाचा शेवट आहोत हे त्याला तरी कुठे ठाऊक असणार?

सापडला, तर कोळवणकडे निघालेल्या कोणाच्याही हाती द्या. मात्र जरा लवकर द्या. तुळजाबाईचे आता वय झाले आहे, आणि ती हत्तीण कोण होती हे तिला अजून कळायचे आहे.