मला कुणी नवा पत्ता सांगितला नाही

मित्रांनो, मी एक जुना क्रमांक आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत. आहेत ते काही आकडे आणि मध्ये एक तिरपी रेघ. रेघेअलीकडचा भाग विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा, म्हणजे माझं आडनाव; पलीकडचा माझा एकट्याचा.

माझा जन्म ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलावर झाला. एका संशोधक ताईंनी नऊ वर्षं शहरातल्या एकवीस भिंतींवरची दगडफुलं मोजली होती. ती वर्षाला जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढतात. ही मोजमापं कुणालाही, कधीही सापडावीत म्हणून ताई ग्रंथपाल बाईंकडे आल्या. बाईंनी अर्ज भरून घेतला, पण एका रकान्यात एकक नव्हतं म्हणून तो परत दिला. ताई कुरकुरल्या, घरी जाऊन एकक लिहून आल्या. मग बाईंनी माझ्यात मोजमापांचा विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा पत्ता भरला आणि सगळ्यांनी मला ‘कायमचा क्रमांक’ म्हटलं. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

माझं काम एवढंच. जो मला विचारेल, त्याला मोजमापांच्या दारापर्यंत पोहोचवायचं. मी हजारो लोकांना पोहोचवलं. कुणी आभार मानले नाहीत. रस्त्याचे आभार कोण मानतं?

पुढे बाई निवृत्त झाल्या. विद्यापीठाचं संकेतस्थळ नवं झालं, मोजमापं नव्या जागी गेली, आणि मला कुणी सांगितलं नाही. मी आपला लोकांना जुन्या दाराशी नेत राहिलो. तिथे ‘हे पान सापडत नाही’ एवढीच पाटी होती. दोन वर्षं मी माणसांना त्या पाटीपुढे उभं केलं. मित्रांनो, चालून थकवा येतो तसा चुकीच्या जागी पोहोचवूनही येतो.

ताईंनी या मोजमापांवर एका नियतकालिकात लेख लिहिला होता आणि खाली पुरावा म्हणून मला दिलं होतं. मग लेख तपासणाऱ्या एका परीक्षकाने लिहिलं, की या लेखामागची मोजमापं कुठेच नाहीत. ती होती तरी का? नियतकालिकाने ताईंना पंधरा दिवस दिले. त्यानंतर लेख मागे घेणार होते. नऊ वर्षांच्या कामावर खोटेपणाचा शिक्का बसणार होता.

बाराव्या दिवशी ताई ग्रंथालयात आल्या. बाईंच्या खुर्चीत आता परीक्षा विभागातून बदलून आलेले एक गृहस्थ होते. त्यांनी मला पडद्यावर नीट पाहिलं आणि ते शांतपणे म्हणाले, “क्रमांक कायमचा आहे ना? मग त्याला आपण काय करायचं?”

ताईंनी तिथूनच बाईंना फोन लावला. गृहस्थांचं म्हणणं सांगून फोन त्यांच्याच हातात दिला.

“अहो, कायमचा म्हणजे ज्याच्याकडे कायम बघावं लागतं तो,” बाई त्यांना म्हणाल्या. “घर बदललंत, त्याला सांगितलंत का?”

गृहस्थ ओशाळले. त्यांनी नवा पत्ता भरला, दोनदा ताडून पाहिला. दुसऱ्या दिवशी परीक्षक माझ्यामार्फत आत गेला आणि त्याने एका ओळीत आक्षेप मागे घेतला. लेख राहिला. ताई घरी जाऊन म्हणे दुपारभर झोपल्या.

माझी चारशे भावंडं अजून त्या पाटीशीच आहेत. गृहस्थ रोज दहा जणांचे पत्ते बदलतात, मान दुखते म्हणतात. मित्रांनो, मला विसावा नको. मला मुळी मरायचीच परवानगी नाही. फक्त तुम्ही एखादी गोष्ट ‘कायमची’ करून उठाल, तेव्हा तिच्याकडे उद्या कोण बघणार, त्याचं नाव लिहून मगच खुर्ची सोडा.