लेण्यांच्या दारात गाऱ्हाणं

मरोळच्या शिवकृपा सोसायटीत पाणी किती वाजता येणार हे महापालिका ठरवते, बाकी सगळं सुगंधा घाडी ठरवते. जिन्यात सायकल कुणी ठेवायची, गणपतीचं मखर कुठल्या रंगाचं, कुणाच्या सुनेने कुणाच्या सुनेशी बोलायचं नाही, सगळं. शाळा तिने चौथीत सोडली. मास्तर आपल्याला टरकून असायचे असं ती सांगते, आणि खरंखोटं करायला मास्तर आता उरलेले नाहीत.

अशा बाईच्या पोराने, सुयोगने, आपलं लग्न आपणच ठरवून यावं? शिवाय तोंड वर करून सांगावं?

मुलगी रेवती, मुलुंडची. बाप बँकेत, काका वकील. इथवर सुगंधाचं काही म्हणणं नव्हतं. पण मुलगी करते काय, तर रविवारी माणसं गोळा करून त्यांना जुनी लेणी नि पडके किल्ले दाखवत फिरते.

"म्हणजे दगड दाखवते?"

"आई, तिला त्यातलं खूप कळतं गं."

"दगडातलं? मग तुला निवडलंन् त्यात नवल नाही."

महिनाभर सुयोगने ताटातला बांगडा नुसता चिवडला. तळलेला बांगडा! सुगंधाला भाषण कळत नाही, रडणं कळत नाही, पण वाया जाणारा बांगडा कळतो. शेवटी ती म्हणाली, "येत्या रविवारी दिवाबत्तीला मी हो की नाही ते सांगते. हो तर हो. नाही तर पुन्हा त्या पोरीचं नाव काढायचं नाही. कबूल?"

सुयोग कबूल म्हणाला. आईच्या मनाविरुद्ध लग्न करणार नाही असं तो रेवतीला आधीच सांगून बसला होता. तो आईला भितो, त्यामुळे त्याला संस्कारी म्हणतात.

आता मुलगी पारखायची कशी? पोह्यांची बशी घेऊन खाली मान घालून बसली की सगळ्याच पोरी गाय असतात. दूध उतू जायचं ते आपण पाठ फिरवल्यावरच जातं. म्हणून सुगंधाने शेजारच्या शकुच्या फोनवरून रेवतीच्या रविवारच्या फेरीत नावं घातली. फेरीचं नाव 'राजधानीतला वारसा'. सकाळी अंधेरीची महाकाली लेणी, मग जोगेश्वरीची, आणि दुपारी फोर्टातल्या जुन्या इमारती. नावं घातली ती विमला पेडणेकर, नवरा आणि सोबतीला शकु. विमला पेडणेकर ही तिसऱ्या मजल्यावरची, फोन नंबरही तिचाच दिला. तिला विचारलं नव्हतं, विचारायची पद्धत नाही.

"अहो, तिथे मला विमला म्हणायचं," तिने नवऱ्याला बजावलं.

जयवंत गिरणीतून निवृत्त झालेला गरीब माणूस. चाळीस वर्षांत त्याने बायकोला कुठल्याच नावाने हाक मारली नव्हती, त्यामुळे त्याला हे अवघड वाटलं नाही. "बरां," म्हणाला आणि पिशवीत नारळ टाकला.

"नारळ कशाला?"

"परक्या जागेत जातंव. राखणदाराक नको?"

हे मात्र बरोबर होतं. कोकणातला माणूस कुठेही जावो, त्या जागेचा एक राखणदार असतोच, आणि त्याला सांगून-सवरून आत शिरावं लागतं. घाड्यांच्या घराकडे तर गावात गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालायचा मान. एरवी जयवंतच्या तोंडातून शब्द काढायला चिमटा लागतो, पण नारळ हातात धरून गाऱ्हाणं घालायला उभा राहिला की आवाज पार वेशीपर्यंत जातो.

रविवारी सकाळी लेण्यांच्या फाटकापाशी पंधराएक माणसं जमली होती. रेवती पुढे आली. बारीक चणीची, गळ्यात ओढणीऐवजी पंचा, पाठीला एवढी मोठी सॅक. सुगंधाने मनात पहिली खूण केली: हाडं दिसतात.

"या मावशी. आपण विमलाताई ना?"

"मीच ती विमला," सुगंधा इतक्या जोरात म्हणाली की शकुला ठसका लागला.

"हे राजधानी-राजधानी काय आहे?" सुगंधाने लगेच तोंड उघडलं. "राजधानी तिकडे मंत्रालयापाशी. ही अंधेरी."

"अंधेरीपण राजधानीतच येते, मावशी. आणि तिकडे समुद्रात भर घालायच्या कितीतरी आधी इथे माणसं दगडात घरं कोरून राहत होती. जुनं शहर म्हणाल तर तुमचंच."

हे सुगंधाला आवडलं. दादरची जाऊ अडतीस वर्षं तिला 'तुम्ही लांब राहणारे' म्हणत आली होती. पण आवडलं ते चेहऱ्यावर दाखवेल तर ती सुगंधा कसली.

फाटकावरच्या रखवालदाराने पिशवी उघडायला लावली आणि नारळ काढून टेबलावर ठेवला. आत नारळ न्यायचा नाही, फोडायचा तर मुळीच नाही. जयवंतचा चेहरा पडला. "न सांगता आत शिरूचा?" तो पुटपुटला.

"चला हो," सुगंधा म्हणाली. "राखणदाराला आज रविवार आहे."

आत गेल्यावर रेवती बोलायला लागली. इथे बौद्ध भिक्षू राहायचे, दोन हजार वर्षांपूर्वीपासून, एकोणीस लेणी आहेत. सुगंधा एकेका खोलीत डोकं घालून बघत होती.

"एकोणीस खोल्या, अंधेरी ईस्टला," ती शकुला म्हणाली. "आणि भाडं नाही."

"पण मोरी कुठाय गं?" शकुने विचारलं.

"भिक्षूंची भांडी किती? एक वाडगा."

रेवतीने कातळात कोरलेली पाण्याची टाकी दाखवली. पावसाचं पाणी डोंगरावरून पन्हळीने आत यायचं. सुगंधा टाक्याच्या काठाशी बराच वेळ उभी राहिली. त्यांच्या सोसायटीचा सेक्रेटरी देवव्रत नऊ वर्षं टाकी बांधतोय. "छिन्नी-हातोड्याने केलंय हो हे," ती म्हणाली, "आणि त्याला कॉम्प्युटर पण आहे." मग पुडीतलं हळदकुंकू टाक्यात टाकायला गेली, तर रेवतीने तिचा हात धरला. मनात तिने दुसरी खूण केली, पण ही कुठल्या बाजूला मांडायची ते कळेना.

मग आलं मोठं लेणं. आत दगडातच कोरलेली एक गोल भिंत, गवताच्या झोपडीसारखी, तिला जाळीच्या खिडक्या, आणि भिंतीच्या आत स्तूप. लाकडी झोपडी डोळ्यासमोर ठेवून ती दगडात कोरली असावी, असं रेवती सांगत होती. आवाज एकदम हळू झाला होता तिचा, बाळ झोपलेल्या घरात बोलतात तसा. सुगंधाने बाहेर चपला काढल्या, हात जोडले.

तेवढ्यात फेरीतला एक हर्षद नावाचा बाप्या सेल्फीसाठी जाळीत पाय रोवून वर चढायला गेला.

"खाली उतर! बापाची माडी आहे काय?"

आवाज एक होता, पण तोंडं दोन होती. सुगंधा आणि रेवती. शब्दाला शब्द तोच. हर्षद इतका घाबरला की उतरल्यावर त्याने दोघींनाही नमस्कार केला.

सुगंधाने रेवतीकडे बघितलं. रेवतीने सुगंधाकडे. दोघींचेही हात कमरेवर. सुगंधाने घाईने आपला काढला.

पण राखणदार काही सुटीवर नव्हता. बाहेर येऊन बघते तर डाव्या पायाची चप्पल आहे, उजवी नाही. समोरच्या चढावर एक पिवळा कुत्रा उजवी चप्पल तोंडात धरून शांतपणे चालला होता, बाजारातून आल्यासारखा. शकु धावली, ती घसरून बसली. आणि जयवंतला शिंका सुरू झाल्या. एक, दोन, पाच, सात.

"बघ!" जयवंत नाक पुसत म्हणाला. "सांगी होतंय मी. न सांगता इलंव."

आता सुगंधाही चरकली. मूठभर कुंकू लावून मिरवणारी बाई, पण अपशकुनाला वचकते. "घाला मग गाऱ्हाणं एकदाचं. पण लवकर. आणि लक्षात आहे ना?" तिने डोळे वटारले. "विमला."

जयवंत चढून फाटकापाशी गेला, रखवालदाराच्या टेबलावरून नारळ उचलला, फाटकाबाहेर उभा राहून लेण्यांकडे तोंड केलं. फेरीतली माणसं मागोमाग आली. रेवतीही आली. जयवंतने डोळे मिटले, घसा खाकरला, आणि त्या गरीब माणसाच्या छातीतून तो आवाज निघाला.

"बा म्हाराजा! ह्या डोंगराच्या, ह्या जागेच्या राखणदारा!"

"व्हय म्हाराजा!" शकु म्हणाली. गाऱ्हाण्याला हुंकार लागतोच.

"आज जी काय तुझी लेकरां तुझ्या दारात इली हत, जयवंत घाडी आणि तेची बायल..."

इथे तो अडखळला. सुगंधाने त्याला कोपराने ढोसलं.  सात पिढ्या गाऱ्हाणं घालणारं घर. बायकोला खोटं सांगता येतं, सोसायटीला सांगता येतं, पण राखणदाराला खोटं नाव कसं सांगणार? नारळ कुणाच्या नावावर घेईल तो? तिसऱ्या मजल्यावरच्या विमलाच्या?

"...तेची बायल सुगंधा घाडी, मरोळची," जयवंत गरजला, "खोटा नाव सांगून इली हा रे म्हाराजा! आपल्या झिलाच्या, सुयोगच्या, मनातली पोर बघूक इली हा!"

शकुने हुंकार दिला नाही. तिने पदराने तोंड झाकलं होतं.

एकदा सुटलेलं गाऱ्हाणं मध्ये थांबत नाही. "पोर तिका आवाडली हा रे म्हाराजा, पण नाक आड येता, बोलत नाय! झील महिनोभर जेवलो नाय! हिचो राग निवळू दे, हिच्या तोंडातून हो येऊ दे, काय चूकभूल झाली आसात तर पोटात घाल, आणि हिची चप्पल मेळू दे रे म्हाराजा!"

 रखवालदाराने टोपी काढली होती.

आणि मग मागून खणखणीत आवाज आला. "व्हय म्हाराजा!"

रेवती. मुलुंडची, बँकवाल्याची पोर. नुसतं म्हणून गप्प बसली नाही, तर सगळ्या पंधरा माणसांकडे वळून हात केलान्, आणि हर्षदसकट सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!"

सुगंधाला वाटलं, ही जमीन फाटली तर बरं, पण दोन हजार वर्षं न फाटलेला कातळ तो. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, अशी ती उभी. मग तिने तिला येतं तेच केलं. चढाई.

"काय गं, तुला केव्हा कळलं?"

"फाटकावरच. सुयोगच्या तोंडावर हे नाक मी तीन वर्षं बघतेय, मावशी."

"घाड्यांचं नाही ते," सुगंधा ताठ होत म्हणाली. "माझ्या माहेरचं आहे."

"तेच म्हटलं. या काकांचं एवढं रुबाबदार नाही."

जयवंत नारळ धरून हसत उभा होता, त्याला रुबाबाची कधीच हौस नव्हती.

"आणि कळलं होतं तर गोड का नाही बोललीस? मघाशी त्या टाक्यात मी हळदकुंकू टाकायला गेले, तर हात धरलास माझा!"

"उद्या सून झाले तरी धरीन. लेण्यात काही टाकायचं नाही."

शकुने पुन्हा पदर तोंडाला लावला. शिवकृपा सोसायटीत असं बोललेलं माणूस तिने पाहिलं नव्हतं. एकजण बोलला होता, तो आता विरारला राहतो. सुगंधाने रेवतीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. हाडं दिसतात खरी. पण हाडंच आहेत, मेण नाही. सुयोग आईला भितो, बाप बायकोला भितो, आपण गेल्यावर ते घर कोण हाकणार, हा विचार तिला अलीकडे दुपारी झोपू देत नव्हता. बोलली नव्हती कुणाला.

जयवंतने रस्त्याकडेच्या दगडावर नारळ फोडला. रेवतीने सॅक उघडली आणि आतून निळ्या रबरी चपलांचा जोड काढून सुगंधाच्या पायाशी ठेवला. "जोगेश्वरीला पायऱ्या आहेत, अनवाणी नका येऊ."

चपला एक नंबर मोठ्या होत्या. सुगंधाने आत पाय सरकवले, दोन पावलं चालून बघितली, पट् पट् आवाज आला.  नारळाची भरली कवड, म्हणजे अर्धा नारळच, तिने रेवतीच्या हातात दिली, आणि उरलेल्यातून लोकांना प्रसाद वाटायला नवऱ्याला फर्मावलं.

तेवढ्यात शकुचा फोन वाजला. सुयोग. घरात आई नाही, बाबा नाहीत, आणि विमला पेडणेकर जिन्यात उभी राहून विचारतेय की माझ्या नावाने मेसेज कसले येतात.

सुगंधाने फोन घेतला. "मी राजधानी बघतेय. त्रास देऊ नकोस. आणि हे बघ, माझी चप्पल कुत्र्याने नेली, मी परक्याची घालून फिरतेय. ज्याची वस्तू त्याला संध्याकाळच्या आत परत गेली पाहिजे, आपल्याकडे ठेवून घ्यायची पद्धत नाही."

"कुणाची चप्पल, आई?"

"तिला सांगतेय, दिवाबत्तीला घरी येऊन घेऊन जा. तू बांगडे आण. सहा आण. मासे खात नसेल तर खायचे कसे ते मी तिला शिकवीन." ती थांबली. रेवती पुढच्या माणसांना रांगेत उभं करत ओरडत होती. सुगंधाने ऐकलं, मान डोलावली. "आणि तू आता जेव मेल्या."