उरलेले चार बुधवार

तिच्या पाककृतींच्या ब्लॉगला पहिल्या वर्षी सतरा वाचक होते. त्यातले नऊ नात्यातले, चार नवऱ्याच्या ऑफिसातले, आणि उरलेले चौघे कोण हे आजतागायत कळलेलं नाही. वाट चुकलेले असावेत, असं तिची आई म्हणायची. चौथ्या वर्षी हाच आकडा अकरा हजारांवर गेला, आणि त्याचं कारणही ही आईच.

रीत अशी होती. दर रविवारी सकाळी ती दोन्ही मुलींना घेऊन दोन गल्ल्या ओलांडून माहेरी जायची. थोरली सात वर्षांची, ती गेल्या गेल्या आजोबांच्या गळ्यात पडायची; धाकटी दीड वर्षाची, ती हिच्या कडेवर. ओट्यावर छोटा वजनकाटा, काट्यावर वाटी. आईचा स्वयंपाक सगळा अंदाजपंचे, मूठ भरली की थेट पातेल्यात. त्या मुठीच्या आणि पातेल्याच्या मध्ये ही वाटी धरायची, वजन करायची, वहीत आकडा टाकायची आणि मगच जिन्नस पुढे जाऊ द्यायची. जकात नाक्यासारखं.

"मिठाचं वजन करतेस? सोनं आहे का ते?" आई म्हणायची. त्यावरून तिने लेकीचं नावच मापाडी ठेवलं, आणि ते घरात रुजलं.

असली वाक्यं मापाडीने एकदा गंमत म्हणून लेखाच्या तळाशी टाकली. 'आई म्हणते' असं लिहून पुढे आईचं वाक्य. झालं. लोक पाककृती ओलांडून थेट तळाशी उतरायला लागले. 'करून काही बघितलं नाही, पण आईंचं बोलणं आवडलं' असे अभिप्राय यायला लागले. चार वर्षं ग्रॅमा-ग्रॅमासाठी घाम गाळला मापाडीने, आणि नाव झालं न मोजता बोलणाऱ्या बाईचं. तिला ते थोडं लागायचं. पण वाचक वाढत असताना रुसायचं तरी कुणावर?

आणखी एक रीत होती. धाकटीला दर पंधरवड्याला काहीतरी व्हायचं. कधी कान, कधी पोट, कधी दात. मग लेख राहायचा. म्हणून मापाडी पाच-पाच आठवड्यांचे लेख आधीच लिहून संगणकात रांगेला लावून ठेवायची. बुधवारी सकाळी अकराचा ठोका पडला की पुढचा लेख आपोआप बाहेर पडायचा. घरात कुणी शिंको की खोको, लेख वेळेवर.

एका सोमवारी सकाळी आई पालक निवडता निवडता टेबलावर कलली. बाबांना वाटलं, डोळा लागला. रुग्णवाहिका आली तेव्हा अर्धी जुडी निवडून झालेली होती.

त्या धावपळीत रांग थांबवायचं मापाडीला आठवलं नाही.

बुधवारी अकराला माहेरचं घर माणसांनी भरलेलं असताना तिचा फोन थरथरला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. कांद्याचं सूप बाहेर पडलं होतं. तळाशी: 'आई म्हणते, घाई असेल त्याने कांद्याच्या वाटेला जाऊ नये. मला काही घाई नाही, मी उभी आहे इथे.'

मावशीच्या फोनवरही ते पोचलं. ती पहिल्या सतरांतली. तिने चष्मा वर केला, खाली केला. "ताईला जाऊन दोन दिवस नाही झाले, आणि हिचं सूप उकळतंय," ती शेजारणीला म्हणाली, अगदी हळू, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू.

मापाडी आतल्या खोलीत जाऊन लेख पुसायला बसली. तेवढ्यात बाबा आत आले. हातात त्यांचा फोन. सोमवारपासून त्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता.

"'मी उभी आहे इथे'," त्यांनी वाचून दाखवलं. "कशी म्हणाली बघ." आणि ते हसले. मग ते हसू कुठल्या कुठे गेलं आणि ते पलंगाच्या कडेवर टेकले. "अजून आहेत का?"

"चार आहेत, बाबा. सगळे काढून टाकते मी."

"काढू नकोस."

"मग आत्ताच दाखवू तुम्हाला?"

"नको. बुधवारी बघेन."

तेव्हापासून बाबांचा आठवडा बुधवार ते बुधवार झाला. दाढी बुधवारी. धुतलेला सदरा बुधवारी. साडेदहालाच चष्मा पुसून ते खुर्चीत बसायचे, आणि मापाडी धाकटीला घेऊन हजर. पहिल्या बुधवारी भाजलेला भोपळा आला: 'आई म्हणते, सालीसकट भाजा. सालीची लाज माणसाला असते, भोपळ्याला नाही.' बाबांनी ते तीनदा वाचलं. दुसऱ्या बुधवारी पाव: 'आई म्हणते, पीठ फुगत असताना सारखं झाकण उघडू नये. तुमच्याकडे कुणी टक लावून बसलं तर तुम्ही फुगाल का?'

वाचकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांचे प्रश्न नेहमीसारखे येत राहिले. 'आईंना विचारा, सूप कडवट का झालं?' 'आईंना विचारा, पावाला जुनं लोणी चालेल का?' नवरा म्हणाला, "अगं, सांगून टाक एकदा. किती दिवस झाकशील?"

"चार बुधवार," ती म्हणाली.

तिचा हिशेब असा की, लोक एकदा दुःख झाल्याचं लिहायला लागले की बाबांच्या फोनवर आई पुन्हा गेली. दर बुधवारी नव्याने गेली. त्यापेक्षा एखादं उत्तर देऊन टाकावं. सुपाचं तिने लिहिलं: 'आई म्हणते, आच मोठी ठेवली असणार.' हे आई खरोखरच म्हणायची. भोपळ्याबद्दलही कुणी विचारलं होतं; ते उत्तर आई म्हणाली असती, असं होतं. लोण्याचं मात्र मापाडीने पदरचं घातलं.

तिसऱ्या बुधवारी वाटाण्यांचा लेख आला. तो वाचून झाल्यावर बाबा मागचे अभिप्राय चाळत बसले, आणि मग त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. "हे कुणी लिहिलं?"

'आई म्हणते, कृपया ताजंच लोणी वापरा.'

"आई म्हणायचीच की, ताजं..."

"कृपया?" बाबा म्हणाले. "तुझ्या आईने जन्मात कुणाला कृपया म्हटलं नाही. मी लग्नाचं विचारलं तेव्हा 'चालेल' म्हणाली." त्यांचा आवाज जराही चढला नाही. "माझ्याकडे थोडीच उरली आहे गं ती. तिच्यात पाणी घालू नकोस."

घरी येऊन मापाडीने शेवटचा लेख उघडून बघितला. गाजराचं सूप. गाजर चारशे ग्रॅम, कांदा नव्वद, मीठ सहा. सगळं काटेकोर. तळाशी 'आई म्हणते', आणि पुढे कोरं.

मग तिला आठवलं. तो आईच्या हातचा शेवटचा रविवार. धाकटीला दात येत होता, तिने घर डोक्यावर घेतलं होतं. मापाडीने एका हाताने तिला आवरत दुसऱ्या हाताने आकडे लिहिले, घरी येऊन लेख रांगेला लावला, आणि वाक्याचं काय, पुढच्या रविवारी विचारून घेऊ म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी सोमवार होता.

आठवडाभर ती वाक्यं जुळवत होती. चार झाली. चारही चांगली, एक तर इतकं आईसारखं की तिचं तिलाच हसू आलं. तिने ते थोरलीला वाचून दाखवलं.

"आजी असं म्हणाली?"

"म्हणाली असती."

"म्हणजे नाही म्हणाली," थोरली म्हणाली आणि पुन्हा चित्र रंगवायला लागली.

मंगळवारी दुपारी, धाकटी झोपली असताना, मापाडीने चारही वाक्यांवर काट मारली आणि कोऱ्या जागेत लिहायला घेतलं.

बुधवारी अकराला बाबांनी पाककृती सावकाश वाचली. गाजर, कांदा, मीठ. मग खाली आले आणि मोठ्याने वाचायला लागले, दर वेळेसारखं.

"'आई म्हणते. त्या दिवशी आई काही म्हणाली नाही. लेक रडत होती, मी घाईत होते, विचारायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी आई गेली. त्यानंतरचे लेख आधी लिहिलेले होते, त्यातलं बोलणं तिचंच. तुमच्या प्रश्नांना उत्तरं मात्र मी दिली. लोण्याचं तर नक्कीच माझं.'"

बाबांनी फोन मांडीवर पालथा ठेवला.

"म्हणाली होती," ते म्हणाले.

"काय?"

"त्या रविवारी. मी इथेच पेपर वाचत होतो. 'आधी पोरीला घे. गाजरं कुठे पळून जात नाहीत,' म्हणाली. तू वजन करत होतीस. तुला ऐकू गेलं नसेल."

मापाडीने ते वाक्य मनातल्या मनात काट्यावर ठेवून बघितलं. त्यात कृपया नव्हतं. ते आईचं असू शकत होतं. आणि आईचं बोलणं त्रेचाळीस वर्षं ऐकलेल्या माणसाला तसं एखादं वाक्य घडवणं अवघडही नव्हतं. तिने विचारलं नाही. तिला त्या सकाळचं एवढंच लख्ख आठवत होतं की काट्यावर गाजर चारशे बारा भरलं होतं, आणि चारशे व्हावं म्हणून तिने एक तुकडा बाजूला काढला होता. आवाज कुठलाच आठवत नव्हता.

"खाली लिहू का ते?" तिने विचारलं.

"नको," बाबा म्हणाले. "ते स्वयंपाकाचं नाही."

संध्याकाळपर्यंत तीनशेच्या वर अभिप्राय आले. बहुतेकांनी हळहळ लिहिली. सात जणांनी फसवल्यासारखं वाटलं म्हणून लिहिलं, आणि ते काही खोटं नव्हतं. एकाने फक्त विचारलं, गाजराऐवजी बटाटा चालेल का? आईला हा माणूस आवडला असता. मापाडीने उत्तर टाइप केलं, 'चालेल', आणि पुढे कुणाचंही नाव घातलं नाही.

पुढच्या बुधवारी सवयीने ती साडेदहाला माहेरी पोचली. बाबांची दाढी झालेली होती. सदरा धुतलेला. चष्मा डोळ्यांवर, फोन मांडीवर. अकरा वाजले, आणि अकरा वाजून पाच मिनिटंही झाली.

"आज नाही ना काही?" बाबांनी विचारलं.

"नाही, बाबा."

"बरं."

धाकटी खुर्चीखाली कुरकुरायला लागली. मापाडी पिशवीतून वजनकाटा काढत होती. तो तिने तसाच आत सोडला आणि आधी पोरीला घेतलं.

सव्वाअकरा झाले तरी बाबांनी चष्मा उतरवला नव्हता.