भुऱ्याची मान

भागिरथाबाईच्या घरात भुताखेताला थारा नव्हता. दर्शनी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्याखाली बावीस प्रतिज्ञांची चौकट, आणि त्या बाईंना तोंडपाठ. शेजारच्या रुपाबाईच्या अंगात यायला लागलं तेव्हा ह्याच बाईंनी गल्लीत उभं राहून तिला फैलावर घेतलं होतं. "तुह्या अंगात कोणी येत नाई वं, तुह्या अंगात रगतच नाई. दवाखान्यात जाय," असं चारचौघांत म्हणाल्या होत्या. त्यामुळे सोयाबीन निघाल्यानंतरच्या एका भर दुपारी, मरून पाच महिने झालेले पुंजाजी पडवीत येऊन बसले, तेव्हा ही गोष्ट सांगायला बाईंना गावात एकही माणूस उरलं नव्हतं.

ते आले होते भुऱ्या सशात. हा ससा पुंजाजींनीच शेलूबाजारच्या बाजारातून खोक्यात घालून आणला होता. साठीच्या माणसानं ससा पाळावा याचं गावाला हसू आलं, पण पुंजाजींनी गावाला कधी मोजलं नाही. वीस हंगाम ते मळणीयंत्रावर उभे राहिले होते, डावा कान यंत्राकडे करून, आणि त्या कानाचं ऐकणं यंत्रानंच खाल्लं. पुढं कुणी काही बोललं की ते डावा कान खांद्यावर पाडायचे, उजवा वर करायचे आणि एका डोळ्यानं तिरपं बघत राहायचे. शेवटच्या वर्षांत बाईंनी नवऱ्याचा चेहरा सरळ असा क्वचितच पाहिला होता.

त्या दुपारी बाई तूरडाळ निवडत होत्या. घर रिकामं. सवयीनं तोंडातून गेलं, "आज भाजी कायची करू?" समोर भुऱ्या बसला होता. त्यानं डावा कान खाली पाडला, उजवा वर केला, आणि एका डोळ्यानं तिरपं बघितलं.

बाईंच्या हातातलं सूप खाली आलं. डाळ पडवीभर झाली आणि ती संध्याकाळपर्यंत तशीच पडून राहिली.

आता पुंजाजी कसे गेले ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. हा माणूस भांडायचा नाही, रुसायचा. मनाविरुद्ध काही झालं की ताट बाजूला सारायचं, खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचं, बोलणं बंद. बाईही काही कमी नव्हत्या. त्या मनधरणी करायच्या नाहीत. दोन दिवस आपलं काम करत राहायच्या आणि तिसऱ्या दिवशी पुंजाजी आपणच उठून म्हणायचे, "भाकर आहे का?" अडतीस वर्षं हे असंच चाललं होतं. जून महिन्यात भुऱ्यानं बाईंच्या नव्या लुगड्याचा काठ कुरतडला. बाई म्हणाल्या, "हा ससा कोणाले तरी देऊन टाका." पुंजाजींनी ताट सारलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी भाकर मागितली नाही. अकोल्याला नेलं तेव्हा पोटातलं आतडं फुटलेलं होतं. डॉक्टर हळूच म्हणाले, "दोन दिवस आधी आणायला हवं होतं."

पुंजाजींच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजी बोलत होते, लोक माना डोलवत होते, आणि बाईंच्या कानात ते एकच वाक्य फिरत होतं. पुढंही ते थांबलं नाही. चूल पेटवताना, दळण आणताना, मध्येच कुठूनतरी यायचं. दोन दिवस आधी.

म्हणून भुऱ्यानं मान वाकडी केली तेव्हा बाई घाबरल्या खऱ्या, पण त्या भीतीच्या पोटात आनंद होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी कडी लावून पुन्हा विचारून पाहिलं. मान तशीच. मग तर ती तशीच राहू लागली, कुणी बोललं तरी आणि न बोललं तरी. बाई त्याच्या उजव्या बाजूला पाट घेऊन बसायला लागल्या. गावातलं सगळं सांगायच्या. कुणाची सून माहेरी गेली, कुणाचं बोअर आटलं. पुंजाजींची खाट जिथं असायची त्या कोपऱ्यात भुऱ्या गोल गोल फिरायचा, एकाच बाजूनं, आणि फिरता फिरता कलंडायचा. "खाट इथंच टाकू का पुन्हा?" बाईंनी विचारलं, आणि खरंच माळ्यावरची खाट उतरवून त्या कोपऱ्यात टाकली. रुपाबाई काही मागायला आली तर तिला दारातूनच वाटेला लावायच्या. प्रतिज्ञांच्या चौकटीकडे मात्र त्यांना बघवत नव्हतं.

असे पंधरा दिवस गेले आणि भुऱ्यानं खाणं सोडलं. मेथीची जुडी पुढं केली तर तोंड फिरवलं. खाटेखाली गेला आणि भिंतीकडे तोंड करून अंग आखडून बसला. दात करकरा वाजवत होता. 

या वेळी त्यांनी मनधरणी केली. अडतीस वर्षांत केली नव्हती तेवढी केली. खाटेखाली डोकं घालून म्हणाल्या, "चुकलं माह्यं. त्या लुगड्याले आग लागो. नाई देत मी ससा कोणाले. दोन घास खा." मग रडल्या. मग गाजर किसून आणलं, गूळ आणला. दिवस गेला, दुसऱ्या दिवसाची सकाळ झाली, तरी खाटेखालून फक्त दातांचा आवाज येत होता. बाई उंबऱ्यावर बसून राहिल्या. अजून राग गेला नाही, स्वतःशीच म्हणाल्या. जाईल.

दहाच्या सुमाराला मुलीचा फोन आला. धम्मदीपा मंगरूळपीरला नर्स होती, आणि आईचा आवाज ऐकला की तिला सगळं कळायचं.

"काय झालं, आई?"

"काई नाई. भुऱ्या जेवून नाई राह्यला."

"कधीपासून?"

"काल सकायपासून. रुसला आहे." बाईंना वाटलं जीभ चावावी.

 धम्मदीपानं दवाखान्यातल्यासारखं विचारलं, "लेंड्या टाकल्या का त्यानं?"

बाईंनी खाटेखाली पाहिलं. जमीन स्वच्छ होती. काल झाडली तशीच. "नाई."

"मान वाकडी आहे का? तोल जाते का?"

"तुले कसं समजलं?"

"मागच्या फोनात तूच म्हटलं न, तो गोल गोल फिरते म्हणून. आई, ते दुखणं आहे. मी बाबाचं नाव नाई घेत. पण तू आता दोन दिवस थांबू नको."

बाईंनी फोन ठेवला. मुलीनं पाच महिन्यांत हे वाक्य एकदाही काढलं नव्हतं. म्हणजे ते तिच्याही कानात फिरत होतं तर. आणि आपण काय करतोय? पुन्हा उंबऱ्यावर बसून कुणाचातरी राग उतरायची वाट बघतोय. बाई उठल्या, टोपलीत जुनं धोतर अंथरलं, भुऱ्याला त्यात ठेवलं आणि अनवाणीच रस्त्याला लागल्या. चप्पल नाही हे त्यांना शेलूबाजारला जीपमध्ये बसल्यावर कळलं.

मंगरूळपीरच्या ढोराच्या दवाखान्यात एक म्हैस आणि दोन बकऱ्या आधीच होत्या. डॉक्टर गोविंदसिंग यांनी टोपलीत पाहिलं आणि म्हशीला थांबवलं. पोट दाबून पाहिलं, दात पाहिले, मग बॅटरी लावून डाव्या कानात बराच वेळ पाहिलं.

"कान आतून पिकला, मावशी. पू लई खोल आहे. तोल कानातच असते, म्हणून मान वाकडी अन् गोल फिरणं. या कानानं याले ऐकूही येत नसन."

"डाव्या?" बाईंनी विचारलं.

"डाव्या." डॉक्टरांनी सुई भरली. "दुखते म्हणून खात नाई, अन् नाई खाल्लं का सशाचं आतडं बंद पडते. तुमी उद्या आणलं असतं तं मी काई करू शकलो नसतो."

"मले वाटलं, रुसला. दात वाजवून राह्यला होता."

"ते दुखण्याचं वाजवणं. ससा कण्हत नाई न, मावशी. दुखलं का कोपऱ्यात जाऊन गप बसते. रानात ज्यानं दुखणं दाखवलं त्याले पहिले कोणीतरी उचलते. म्हणून तो लपवते. पाहणाऱ्याले वाटते, राग आला."

बाई खाली बसल्या. तिथंच, म्हशीच्या शेजारी, ओल्या फरशीवर. अडतीस वर्षांतले सगळे रुसवे त्यांच्यासमोरून जायला लागले. धम्मदीपाच्या जन्माआधीचा. जावेशी वाजलं तेव्हाचा. भिंतीकडे वळलेली ती पाठ, पोटाशी घेतलेले गुडघे. त्यातले खरे रुसवे किती होते? एकदाही उठून विचारलं नव्हतं की दुखतंय का. आता विचारायला माणूस नव्हतं, आणि हे ओझं कुठलाच डॉक्टर उतरवणार नव्हता.

भुऱ्या जगला. बकरीचं औषध सशाला चालत नाही म्हणून डॉक्टरांनी अकोल्याला फोन करून विचारून औषध लिहून दिलं, सहा आठवड्यांचं, दिवसातून दोनदा, बिनसुईच्या सिरिंजनं ओठाच्या कडेतून. चौथ्या दिवशी त्यानं लसूणघास खाल्ला. खाटेखाली लेंड्या दिसल्या तेव्हा बाईंनी त्या मोजून धम्मदीपाला फोन केला, आणि मायलेकी कितीतरी दिवसांनी हसल्या.

मान मात्र हळूहळू वर यायला लागली. रोज गव्हाच्या दाण्याएवढी. बाई रोज सकाळी औषध द्यायच्या आणि संध्याकाळी पाहायच्या. पुंजाजी आज आणखी थोडे कमी झालेले असायचे. पाचव्या आठवड्यात उरला तो थोडासा तिरपेपणा, त्यांनी "अहो" म्हटल्यावर मान वाकायची तेवढाच. बाई दवाखान्यात गेल्या तेव्हा डॉक्टरांना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "औषध आता बंद केलं तं?"

"मरत नाई आता. मान थोडी वाकडी राहीन. पण पू पुन्हा भरू शकते, अन् दुखणं आतल्या आत राहीन. तो काई सांगाचा नाई."

 बाई घरी येऊन पडवीत बसल्या. भुऱ्या खाटेजवळ होता, डावा कान जरासा पडलेला, एक डोळा तिरपा. एवढंच उरलं होतं जगात त्यांच्या नवऱ्याचं. सिरिंज मांडीवर पडून होती आणि ऊन पडवीतून भिंतीवर चढेपर्यंत त्यांनी ती उचलली नाही.

मग त्या सरकून त्याच्या उजव्या बाजूला गेल्या. शेवटचं म्हणून त्या कानाशी वाकल्या.

"दुखत होतं तं सांगाचं होतं न हो," त्या म्हणाल्या. "मी उठली असती."

त्यांनी भुऱ्याला मांडीवर घेतलं, ओठाची कड उघडली आणि औषध दिलं, एक थेंब न सांडता. भुऱ्यानं तोंड पुसलं, खाली उतरला आणि कुठं न कलंडता सरळ चालत गवताकडे गेला.