मावशीच्या तोंडातला माणूस

कवळीवाल्याची दातखीळ बसली होती, त्याला आज आठ दिवस झाले. मावशी पोलिसांच्या कोठडीत होती, आणि तिला बाहेर काढणारं वाक्य जगात एकट्या त्याच्यापाशी होतं. एका दमात म्हणून होईल एवढंच वाक्य.

तो काही डॉक्टर नव्हता. डॉक्टरांनी पाठवलेल्या मापांवरून कवळ्या करायचा. प्लास्टरचा साचा ओतायचा, मेणात दात रोवायचे, मेण वितळवून त्या जागी हिरड्यांचा गुलाबी मसाला भरायचा, शिजवायचा, घासायचा, चकाकी आणायची. पण गल्ली त्याला डॉक्टर म्हणायची, आणि बारा वर्षांत त्यानं एकदाही कुणाची चूक दुरुस्त केली नव्हती.

त्याला मावशीनं वाढवलं. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. मावशी अंथरुणाला खिळलेल्या माणसांची दिवसपाळीनं सेवा करायची. त्यांची कूस बदलायची, अंग पुसायची, भरवायची, औषधं द्यायची, आणि त्यांच्या लेकांसुनांना तोंडावर सुनवायची. तिचा शेवटचा रोगी म्हणजे फर्निचरवाला म्हातारा. त्याला कवळी हवी झाली तेव्हा भाच्याचं नाव तिनंच सुचवलं.

नेमका त्याच सुमारास एका कंपनीचा माणूस नव्या मसाल्याचा डबा नमुना म्हणून देऊन गेला होता. हा मसाला दाब लक्षात ठेवतो, म्हणाला. माणूस जसा चावेल, जसा बोलेल, तशी कवळी आतून शिकत जाते. महिन्याभरात अशी बसते की खरे दात झक मारतील. म्हाताऱ्याची कवळी त्याच मसाल्याची केली. दीड महिन्यानं म्हातारा गेला. हृदय आधीच थकलेलं, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. त्याचा धाकटा मुलगा कवळी रुमालात गुंडाळून दुकानात घेऊन आला. घरात ठेववत नाही, म्हणाला, तुम्हीच काय ती विल्हेवाट लावा.

कवळीवाल्यानं ती खणात टाकली.

पुढे मावशीचेही उरलेसुरले दात गेले. त्यानं माप घेतलं, साचा ओतला, आणि खणातली ती कवळी सहज साच्यावर टेकवून पाहिली. जवळजवळ बसत होती. त्या क्षणी त्याच्या मनात काय आलं ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्याच्या मनात आलं, घरचंच तर काम आहे. बस, एवढंच. त्यात ना दुष्टपणा होता, ना कसला डाव. परक्या गिऱ्हाइकाच्या एका दाढेसाठी डोळे फोडणारा हा माणूस, आणि मावशीसाठी त्याला एक दुपार पुरेशी वाटली. आपण सगळेच असे हरामखोर आहोत, चांगलं ते बाहेरच्यांना आणि उरलंसुरलं घरच्यांना. पण म्हणून त्याचं पाप काही हलकं होत नाही. त्यानं कवळी आतून घासली, वर साधा थर चढवला, पुढचे सहा दात बदलले. मेलेल्या माणसाच्या तोंडातली वस्तू त्यानं स्वतःला घास भरवणारीच्या तोंडात बसवली, आरसा धरला आणि म्हणाला, "बघ, वीस वर्षांनी लहान झालीस."

मावशीनं आतून जीभ फिरवली. बराच वेळ फिरवली. मग "बसली" म्हणाली आणि घरी गेली.

तीन महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं. मसाला ताबडतोब परत करा, कुणाच्या तोंडात असेल तर काढून घ्या. गरम पेय लागताच हा मसाला साठवलेली हालचाल जशीच्या तशी परत करतो आणि जबडा ओढतो. जोर लावून बोललेलं तेवढंच टिकतं, जुनं आधी, नवं नंतर. चाचणीतल्या दोन माणसांच्या तोंडून भलतंच बोलणं निघालं होतं. कवळीवाल्यानं पत्र दोनदा वाचलं आणि प्लास्टरच्या पोत्याखाली सरकवलं. मावशी चहा कोमटच पिते, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

नंतर मावशी फर्निचरवाल्यांकडे तिची राहिलेली शाल आणायला गेली. सुनेनं चहा दिला, कढत. पहिल्या घोटाला मावशीचा जबडा डावीकडे सरकला, आणि तिच्या तोंडून घोगरं, धापा टाकत निघालं, "चार गोळ्या. दुधात चार गोळ्या." घाबरून तिनं कवळी ओढून काढली आणि बोलणं तिथंच तुटलं. समोर धाकटा बसला होता. आधी तो पांढराफटक पडला आणि मग शहाणा झाला. तासाभरात पोलिसांत जाऊन सांगून आला, की बाबांना औषधं ही बाईच द्यायची, आज तिनं सगळ्यांदेखत कबुली दिली. शिल्लक गोळ्या मोजल्या तर खरंच कमी भरल्या. मावशीला उचललं.

ही हकीकत कवळीवाल्याला शेजारणीकडून कळली तेव्हा त्याची पाचावर धारण बसली. मावशीच्या तोंडून कोण बोललं हे त्याला त्याच क्षणी कळलं. तरी तो आठ दिवस गप्प राहिला. का? तर शहरात त्यानं केलेल्या कवळ्या शेकडो तोंडांत होत्या. उद्या प्रत्येक जण आपली कवळी काढून उजेडात धरेल आणि विचारेल, ही कुणाची उतरवलेली? कारणं त्याच्याकडे आणखीही होती. सगळी स्वतःपुरती.

नवव्या दिवशी सकाळी इन्स्पेक्टरबाई स्वतः दुकानात आली. साचे उचलून पाहत ती म्हणाली, तुमची मावशी आठ दिवस थंड पाण्यावर आहे. गरम काही घ्यावंच लागलं तर आधी कवळी काढून रुमालात ठेवते, मगच पिते. मी कारण विचारते तर म्हणते, माझ्या तोंडाचं मी बघेन. एवढी तिखट बाई गुन्ह्याबद्दल मात्र एक शब्द बोलत नाही. "कवळी तुम्ही केलीत ना, डॉक्टर?"

"हो," तो म्हणाला. दोन्ही गोष्टींना मिळून, कवळीलाही आणि डॉक्टर म्हणण्यालाही.

"दुपारी तिला मोठ्या तुरुंगात हलवतोय," बाई म्हणाली. "तिथून परत आणणं माझ्या हातात नाही." आणि गेली.

तो पुन्हा घासायला बसला. हातातल्या कवळीला घासता घासता आरपार भोक पडलं तेव्हा यंत्र बंद केलं, पोत्याखालचं पत्र काढलं आणि चालत सुटला. अंगातला प्लास्टरनं माखलेला अंगरखा काढायचंही त्याला सुचलं नाही.

ठाण्यात त्यानं बाईला एका बाजूला येण्याची विनंती केली. बाई कसली येते. तिनं मावशीला बाहेर बोलावलं, बाकावर बसवलं आणि जे सांगायचं ते हिच्या तोंडावर सांगा म्हणाली. मावशी आठ दिवसांत वाळून गेली होती. कवळी हातातल्या रुमालात होती, गाल आत गेले होते.

"तिच्याकडे आहे ती कवळी फर्निचरवाल्याची आहे," तो म्हणाला. "मी बसवली. नवी म्हणून."

त्यानं पत्र टेबलावर ठेवलं. बाईनं ते वाचलं, वर पाहिलं, पुन्हा वाचलं. मावशीनं मात्र भुवईसुद्धा हलवली नाही.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ती बोळक्या तोंडानं म्हणाली. "दीड महिना रोज दोनदा धुतलीय मी ती. पुढचे बदललेस रे, मागच्या दाढेचा टवका तसाच ठेवलास. कामसुद्धा धड केलं नाहीस."

"मग सांगितलं का नाहीस यांना?"

"काय सांगू? माझ्या पोरानं मला मेलेल्याची कवळी घातली, असं? तुझी अब्रू जाईल म्हणून गप्प नव्हते मी, फुशारून जाऊ नकोस. मला लाज वाटली. वाढवलं कुणी तुला? मीच ना."

ठाण्यातले दोन शिपाई उगाच कागद चाळू लागले.

बाईनं गरम पाण्याची किटली मागवली. लेखनिक हवालदाराला समोर बसवलं आणि तोंडातून निघेल तो शब्द न् शब्द लिहायला सांगितलं. नोंद मध्ये तुटली तर कोर्ट ती फेकून देईल, म्हणून शेवटपर्यंत कवळी काढायची नाही. कवळीवाल्यानं विचारून पाहिलं, दुसऱ्या कुणाच्या तोंडात नाही का चालणार. "बसेल का?" बाईनं विचारलं. "तुम्हीच तर हिच्या मापाला घासलीत."

मावशीनं रुमाल सोडला. आता ठाण्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं ती काय तोंडात घालतेय, आणि सगळ्यांदेखत तिनं ती घातली. गरम पाण्याचा घोट घेतला. जबडा डावीकडे ओढला गेला, मान ताठ झाली. गळा तिचाच, पण धाप दुसऱ्याची.

"चार गोळ्या. दुधात चार गोळ्या घातल्यास तू, धाकट्या, मी पाहिलं. एकच सांगितलीय ना डॉक्टरांनी. कडू लागतंय. दार कशाला लावतोस? बाईंना बोलाव. कुठं पाठवलंस त्यांना? बाई... अहो बाई..."

बाई म्हणजे मावशी. म्हातारा शेवटी तिला हाका मारत होता आणि त्या हाका आता तिच्याच तोंडून निघत होत्या. तिचे डोळे भरून वाहायला लागले. जबड्याला त्याचं काही नव्हतं. इन्स्पेक्टरबाईनं बोटानं खूण केली, दोन शिपाई धाकट्याला आणायला धावले. गुन्हा उलगडला होता.

जबडा थांबला नाही. म्हाताऱ्याचे शब्द संपले, आणि धाप जाऊन सूर मावशीचा झाला. आधी निरुपयोगी तुकडे आले, भाजीवाल्याशी घासाघीस, एक शिवी. मग आलं, "टोचतेय? छे गं, लोण्यासारखी बसलीय. माझ्या पोरानं केलीय ना."

मावशीनं तोंडावर हात दाबला. हाताखालीही जबडा हलत राहिला.

"नवीकोरी आहे. कुणाची उतरवलेली नाही हो, आमच्यात तसलं चालत नाही. जागरणं केली त्यानं माझ्यासाठी. डोळे सुजले होते लेकराचे."

हवालदारानं पेन थांबवलं. हे पण लिहू का, विचारलं.

"सगळं लिही," बाई म्हणाली. तिनंही मान खिडकीकडे वळवली होती.

कवळीवाला भिंतीला टेकून ऐकत होता. या शेजारणीला सांगितलेलं, त्या शेजारणीला सांगितलेलं, दुकानदाराला, टपालवाल्याला. प्रत्येक वेळी नवी थाप आणि प्रत्येक थापेत तो आधीपेक्षा चांगला. त्याला दारातून निघून जाता आलं असतं, कुणी अडवलं नव्हतं.

पाणी निवत आलं तसे शब्द जड झाले. नोंद अजून संपली नव्हती. मावशीनं पेला पुढं केला. बाईकडे नाही, हवालदाराकडेही नाही, त्याच्याकडे. किटली त्याच्या हाताशी होती.

त्यानं ओतलं. मावशीनं घोट घेतला आणि जबडा पुन्हा त्याचं कौतुक सांगू लागला.