अंगठ्याखालची तार

मी बोलतेय, पण तुमचं लक्ष जाईलच असं नाही. बेस गिटारचं तसंच असतं. वाजत असते तोवर कुणाला ऐकू येत नाही, थांबली की सगळे माना वळवून बघतात, काय बिघडलं म्हणून. पूर्वी मला याचं वाईट वाटायचं. आता वाटत नाही. आता मला फारसं काहीच वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझ्याकडून रडण्याबिडण्याची अपेक्षा नको.

लांबलचक मान, जड तपकिरी अंग आणि चार तारा, एवढीच माझी इस्टेट. कारखान्यात एका बाईने त्या तारा चढवल्या, प्रत्येक तार ओढून बघितली आणि जांभई देत मला पुढच्या टेबलावर सरकवलं. झाला माझा जन्म. दुकानात मला सहा तारांच्या गिटारींच्या रांगेत टांगलं होतं. येणारा जाणारा विचारायचा, हिच्या दोन तारा कुठे गेल्या? दुकानदार हिशोबातून डोकं वर न काढता म्हणायचा, एवढ्याच असतात. पुढे पुढे तर तो उत्तरही देईनासा झाला.

मग भिंग्या आला. तो चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काचा घासतो, म्हणून बँडमधले सगळे त्याला भिंग्या म्हणतात. त्याने माझ्या तारा मोजल्या नाहीत. सगळ्यात जाड तार छेडली, माझ्या कडेला कान लावला आणि आवाज पार विरेपर्यंत तसाच उभा राहिला. दुकानदार खाकरला तेव्हा कुठे भानावर आला.

घरी त्याची बायको होती. "आली का सवत?" म्हणाली, आणि ओल आलेली भिंत सोडून कोरड्या भिंतीवर तिनेच माझ्यासाठी खिळा ठोकला. ती बँकेत चौकशीच्या खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांना हा फॉर्म नाही तो, ही रांग नाही ती, असं सांगून घरी यायची आणि चहा ठेवता ठेवता गायला लागायची. वाढदिवस, निरोप समारंभ, हॉटेलांतल्या पार्ट्या, सगळीकडे आमचा बँड जायचा. गायला ती, ड्रमवर तिचा धाकटा भाऊ, कीबोर्डवर पोस्टातून रिटायर झालेले काका, आणि आम्ही दोघं.

आमची एक पद्धत होती. पहिल्या गाण्याला सुरुवातीला कुणीही वाजवायचं नाही, फक्त मी. मी चाल धरायची आणि तिने माझ्यावरून सूर उचलायचा. पट्टी कुठली, हे ती कुणाला विचारायची नाही. मी म्हणेन ती.

वाजवताना भिंग्या माझ्याकडे बघायचाच नाही. तिच्याकडे बघायचा. उजवा अंगठा माझ्या सगळ्यात जाड तारेवर, हनुवटीकडच्या कडेला टेकलेला असायचा आणि बोटांचा सगळा हिशोब तिथून सुरू व्हायचा. कडेची ती पहिली, तिच्या खालची दुसरी. इतकी वर्षं तो अंगठा तिथे घासला की माझा त्या जागेचा रंग उडाला आणि आतलं लाकूड उघडं पडलं. बरं वाटायचं तेव्हा. तेव्हा वाटायचं.

मग तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, धोका टळला, सगळं छान झालं, असं भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणायचा. आवाज मात्र गेला. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू, पण वरचे सूर विसरा. बँकेने तिला खिडकीवरून उठवून आतल्या खोलीत बसवलं, तिथे कुणाशी बोलावं लागत नाही. घरात दोघं समोरासमोर जेवायची आणि फक्त चमच्यांचा आवाज यायचा. काही हवं असलं की ती टेबलावर टिचकी मारायची आणि हा उठायचा. मी खिळ्यावर होते. माझ्यावर धूळ बसत गेली. कोणी पुसली नाही आणि मला त्याचं काही वाटलं नाही. घरात कुणालाच काही वाटत नव्हतं त्या दिवसांत.

आवाज आला तो वेगळाच. खालचा, जाडसर, जरासा खरबरीत. एकदा ती भांडी लावताना काहीतरी गुणगुणली आणि तिची तीच दचकली. दुसऱ्या दिवशी भिंग्याने मला खाली काढलं. खालचे सूर मिळावेत म्हणून माझी जाड तार सैल करून बघितली. ती पायजम्याच्या नाडीसारखी लोंबायला लागली. सूर कसला, नुसती फडफड. त्याने ती पुन्हा ताणली, माझ्या पाठीवर थोपटलं आणि मला टांगून ठेवलं.

आठवडाभराने तो पाच तारांची घेऊन आला. चकचकीत काळी, रुंद मानेची. माझ्या जाड तारेपेक्षाही जाड अशी एक तार तिच्या कडेला. म्हणजे माझी पहिली ती तिची दुसरी. बायको दारातच म्हणाली, "चार तारांनी पोट भरलं नाही वाटतं?" तो हसून म्हणाला, हौस. ते साफ खोटं होतं. आदल्या दिवशी काकांना फोनवर सांगताना मी ऐकलं होतं. "ती खाली आली, तर मला तिच्याखाली उभं राहता आलं पाहिजे."

पण ती येईना. गाणी एक सूर खाली घ्यायला कशीबशी तयार झाली, त्याखाली नाही म्हणजे नाही. त्याखाली गाणं म्हणजे घोगऱ्या आवाजात रडणं, असं तिचं ठाम मत. तालमीत अंतऱ्याला आवाज फाटायचा. ती थांबायची, गरम पाण्याचा घोट घ्यायची, पुन्हा तिथूनच उचलायची, पुन्हा फाटायचा. भाऊ आपल्या काठ्यांकडे बघत बसायचा. काका चष्मा पुसायचे. ताई, अजून थोडं खाली घे, एवढं बोलायची कुणाची छाती होत नव्हती.

अशात तिच्या बँकेतल्या मैत्रिणीचा निरोप समारंभ आला. दुपारचं जेवण, हॉटेलचा हॉल, आणि मैत्रिणीचा हट्ट की गाणं हिनेच म्हणायचं. ती हो म्हणाली आणि तालीम संपल्यावर सगळ्यांना बसवून म्हणाली, "जमलं तर जमलं. नाहीतर मी परत माइकला हात लावणार नाही. आणि मग मला कुणी आग्रह करायचा नाही." ती म्हणते ते करते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मलाही नेलं. नव्या गिटारची तार तुटलीबिटली तर असावी म्हणून. कोपऱ्यात स्टँडवर, अंगावर पंचा टाकून उभी केली. पंचा अर्धा घसरला होता म्हणून मला दिसलं.

तालमीत भिंग्या नव्या गिटारकडे बघून, तारा मोजून वाजवायचा, म्हणून कधी चुकला नव्हता. त्या दुपारी तो तिच्याकडे बघत होता. ती माइक धरून उभी, ओठ कोरडे, हात गार पडलेले असणार. त्याचा अंगठा आपल्या ओळखीच्या जागी गेला, हनुवटीकडच्या कडेला. बोटं कडेवरून मोजत निघाली. पण ती कड माझी नव्हती.

आमच्या तारा सारख्याच अंतराने लावलेल्या असतात. बोटं एका तारेने चुकली तर चाल मोडत नाही, सगळं गाणंच्या गाणं चार सूर खाली उतरतं. तसं ते उतरलं. काका कीबोर्डवर हात धरून पांढरेफटक पडले. भिंग्याला कळलं तोवर उशीर झाला होता. आता थांबावं तर सगळ्या हॉलला कळणार, न थांबावं तर ती अडकणार.

तिने श्वास घेतला आणि जिथे त्याने ठेवलं होतं तिथूनच उचललं.

जुना आवाज नव्हता तो. जाड होता, कडेला खरखरीत होता. पण अंतरा आला आणि फाटला नाही. दुसराही आला, तोही नाही. काकांनी पट्टी बदलायचं बटण शोधून काढलं आणि हळूच सामील झाले. भावाचं पट्टीशी तसंही देणंघेणं नसतं, तो वेळेवर आला आणि काहीतरी घडलंय हे त्याला चहाच्या वेळी सांगावं लागलं. समोरच्या टेबलावरचा एक म्हातारा चमचा हातात धरून गाणं संपेपर्यंत तसाच बसून होता.

वायरी गुंडाळताना तिने विचारलं, "मुद्दाम केलंस?"

हो म्हणाला असता तर फुकटचं श्रेय मिळालं असतं. पण त्याला ते जमत नाही. "नाही गं. तुझ्याकडे बघत होतो. अंगठा जुन्या जागी गेला."

ती माझ्याजवळ आली. पंचा बाजूला केला आणि रंग उडालेल्या जागेवरून बोट फिरवलं. मग काकांकडे वळून म्हणाली, "आता सगळी गाणी तिथेच लावा."

सगळी गाणी तिथेच लागली. तिथे माझी तार पोचत नाही, त्यामुळे मला कोपऱ्यात उभी करण्यातही अर्थ उरला नाही. तेव्हापासून मी भिंतीवर आहे. बँकेतही ती पुन्हा खिडकीवर बसते, नव्या आवाजात लोकांना चुकीच्या रांगेतून हाकलते. खोलीत तालीम चालली की माझ्या तारा आपोआप किंचित थरथरतात. भावनेने नव्हे हो, हवेने. कपाटातल्या काचेच्या बरण्याही थरथरतात.

परवा नवी गिटार दुरुस्तीला गेली होती. भिंग्याने मला खाली काढलं, पुसलं आणि खिडकीशी बसला. समोर ती इस्त्री करत होती, तो तिच्याकडे बघत होता. त्याचा अंगठा वर आला. माझ्या जाड तारेवरून पुढे गेला, उघड्या लाकडावरून पुढे गेला, पाचवी तार शोधत कडेवरून घसरला आणि हवेत राहिला. तिथे काहीच नव्हतं.

तो थांबला. तिने मान वर करून विचारलं, काय झालं? तो म्हणाला, काही नाही.

माझं काही मागणं नाही. कुणाला द्यायचं असेल तर नव्याने शिकणाऱ्याला द्या, ज्याच्या अंगठ्याला अजून कुणाचीच सवय नाही. द्यायचं नसेल तर राहू दे. फक्त चारही तारा एकदम काढून ठेवू नका, मान वाकडी होते. बाकी मी इथे बरी आहे. भिंत कोरडी आहे.

मला खिळ्यावर टांगताना त्याने अंगठा त्या उघड्या लाकडावर ठेवला. या वेळी सवयीने नाही, बघून ठेवला, आणि इस्त्रीचा प्लग काढल्याचा आवाज आला तरी उचलला नाही. मला काही वाटलं नाही, असंच मी तुम्हाला सांगणार होते.